सव्वातीनच्या पुढे

“अगं, कपाट कुठं गेलं?”

दारातून आत आलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एका हातात काडी मोडलेला चष्मा, दाढी आठवडाभराची, केस अगदी बारीक कापलेले, आणि दुसऱ्या हाताचं बोट समोरच्या कोऱ्या भिंतीवर रोखलेलं.

“कसलं कपाट?” ती म्हणाली. “आणि अगं कुणाला म्हणताय? ओळख ना पाळख!”

बिचारीचा कामाचा पहिलाच दिवस. चष्म्याचं दुकान आत्याचं, आणि आत्या नेमकी काचा आणायला बाहेर पडलेली. “कुणी आलंच तर बसवून ठेव, मी आले तासाभरात,” असं बजावून गेली होती. पण बसवून ठेवणं आमच्या नायिकेच्या स्वभावातच नव्हतं. दोन वर्षं शिकून, परीक्षेत पहिली येऊन बाई दाखल झाल्या होत्या, हात नुसते शिवशिवत होते.

तो माणूस डोळे बारीक करत काउंटरपाशी आला. वाकून त्यानं आधी तिचा चेहरा बघितला, मग तिचा पांढरा कोट. कोटाची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती.

“अरे देवा,” तो हळूच म्हणाला. “आज पहिला दिवस का तुझा?”

“तुम्हाला काय करायचंय? चला, आत बसा. नंबर काढू.”

पडद्यामागची तपासणीची खोली अरुंद होती. एवढी अरुंद, की उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला असे आणि समोरच्या आरशात तो सुलटा वाचावा लागे. साहजिकच आरशात तक्ता दिसायचा, गिऱ्हाईक दिसायचं आणि शेजारी उभी तपासणारीही दिसायची. तिनं त्याच्या नाकावर तपासणीची जड गोल चौकट चढवली आणि एकेक काच घालायला सुरुवात केली.

“हे बरं दिसतंय, की... हे?”

“हे.”

“आणि आता?”

“आणखी बरं.”

“आता?”

“आणखीनच छान.”

“अहो, अक्षरं खाली आहेत!”

“मला ठाऊक आहे अक्षरं कुठं आहेत ते,” तो आरशातून थेट तिच्याकडे बघत म्हणाला.

आता सांगा, बावीस वर्षांच्या मुलीनं अशा वेळी काय करायचं? तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, हातातली काच निसटता निसटता वाचली. शेवटी लाल आणि हिरव्या पाटीवरची अक्षरं दाखवून ‘कुठली ठळक दिसतात’ हे विचारायचं असतं, तेही ती साफ विसरली. घाईघाईनं तिनं कार्डावर नंबर लिहिला – सव्वातीन. तासाभरात काचा घासून, बसवून, चष्मा तयार. तिच्या हातचा पहिलावहिला चष्मा! कुणाला दिसणार नाही अशी एक बारीक चांदणी तिनं काडीच्या आतल्या बाजूला कोरली.

त्यानं चष्मा लावला. डोळे दोनदा मिटले, उघडले. कपाळ चोळलं.

“वा! काय लखलखीत दिसतंय!”

“सैल झाला तर या परत,” ती म्हणाली, आणि उगाचच पुढे विचारलं, “कधी याल?”

तो दारापाशी थांबला. “तुला मी दिसेन पुष्कळदा. मला मात्र... इथवरचंच माहीत आहे. पुढं काय, ते कोण जाणे.”

मग त्याला शिंक आली. दुसरी आली. तिसरी आली – आणि दार उघडलं नाही, दारावरची घंटा वाजली नाही, तरी दुकानात ती एकटीच होती. आत्या परत आली तेव्हा पोरगी स्टुलावर बसून कोऱ्या भिंतीकडे बघत होती, आणि त्या गिऱ्हाइकाचं कार्ड तिच्या पर्समध्ये गेलेलं होतं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दीड वर्ष तो फिरकला नाही. मग एके दिवशी घंटा वाजली आणि तोच दारात उभा! दाढी सफाचट, डोक्यावर भरघोस केस.

“आलास?” ती एकदम म्हणाली. “किती वाट बघायची माणसानं!”

तो मागे वळून बघायला लागला, आपल्यामागे आणखी कुणी आहे की काय म्हणून. “तुम्ही... मला म्हणताय? आपण ओळखता मला?”

झालं. मागच्या वेळी तो ‘अगं’ म्हणत होता आणि ती ‘अहो’. आता ती ‘अरे’ आणि तो ‘आपण’. नंबर काढला तर दीड! माणसाचा नंबर दीड वर्षात सव्वातीनवरून दीडवर उतरतो, हे तिनं कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. तिनं लाल-हिरवं दाखवलं, पुन्हा दाखवलं. दीडच.

मग आत्यानं त्याला काउंटरपाशी बसवलं, हातात चहाचा कप दिला आणि खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं ते असं. हा माणूस सुतार. लागोपाठ तीन शिंका आल्या की तो घसरतो. जमिनीवर नव्हे, काळात. कधी चार वर्षं पुढे, कधी सहा वर्षं मागे, पण याच गावात, याच गल्ल्यांमध्ये. चार-सहा महिन्यांपूर्वीच हे सुरू झालं होतं.

“सुतार, आणि शिंकांचा त्रास!” आत्यानं कपाळावर हात मारला. “अरे, दुसरा धंदा नाही मिळाला?”

“दुसरं काही येत नाही हो.”

“शिंकोबाच आहेस!”

तेव्हापासून त्याचं नाव शिंकोबा पडलं. तो तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागला. ‘डॉक्टरीण नाही हो मी’ असं ती शंभरदा म्हणाली असेल; त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर तो येत राहिला, पण कधी कुठल्या वयाचा येईल याचा नेम नव्हता. दोन-चार वर्षांचा फरक चेहऱ्यावरून काय कळणार? दाढी वाढवली की माणूस थोराड दिसतो, काढली की पोरगा. नंबर मात्र तिच्या लेखी खोटं बोलत नव्हता. तो आला की ती आधी खुर्चीत बसवायची, नंबर काढायची, आणि मग तिला कळायचं की आज समोर बसलाय तो शिंकोबा किती जुना, आणि त्याला आपलं काय काय माहीत आहे.

सव्वादोनचा आला तो चक्क सहा आठवडे राहिला. त्या कोऱ्या भिंतीवर त्यानं चौकटी ठेवायचं कपाट केलं, अठ्ठेचाळीस खणांचं. नाकाला रुमाल बांधून रंधा मारायचा. पहिली शिंक आली की हातातलं टाकून हाका मारायचा, “डॉक्टरीणबाई, धावा!” आणि ती धावायची. चष्मा जिथं नाकावर टेकतो ना, नेमक्या त्याच जागी दोन बोटांनी दाबून धरलं की तिसरी शिंक बहुतेक वेळा जिरत असे. हा शोध तिचा. या शोधासाठी दिवसातून तीन-तीनदा त्याचं नाक हातात घ्यावं लागायचं, आणि तिची त्याला काही हरकत नव्हती.

कपाटाचा शेवटचा खण बसला त्या संध्याकाळी तिची बोटं नाकावर होती. शिंक जिरली, तरी बोटं उचलली गेली नाहीत. त्याच्या चष्म्याची काच तिच्या श्वासानं धुरकटली.

“आता मला काही दिसत नाहीये,” तो कुजबुजला.

“बघायचं काय आहे त्यात?” ती म्हणाली.

हे तिच्या ओठांचं पहिलं धाडस. त्याचं पहिलं कोणतं, म्हणाल तर ती वेगळीच गंमत. आठ महिन्यांनी तो पुन्हा आला, ती इतकी हरखली की नंबर-बिंबर न काढता कपाटाआड ओढून तिनं त्याच्या ओठांवर ओठ टेकवले... आणि तो नखशिखांत लाल! कारण तो होता पावणेदोनचा. कपाट त्यानं अजून केलंच नव्हतं. “अहो... आपण... हे काय...” एवढंच म्हणाला, तीन शिंका दिल्या आणि गेला. ती दोन दिवस उशीत तोंड खुपसून हसत होती, आणि थोडी रडतही होती.

पुढच्या वेळी दोघांनी ठरवून टाकलं – फक्त आजचं बोलायचं. मागचं नाही, पुढचं नाही. उगाच कुणाचं आधी, कुणाचं नंतर, असा घोळ नको.

हा नियम तिला फारच सोयीचा होता. कारण तिच्या पर्समध्ये ते कार्ड होतं.

विचार करा. तिच्या पहिल्या दिवशी आलेला शिंकोबा सव्वातीनचा. त्यानंतर आले ते सगळे त्याहून कमी – दीड, सव्वादोन, पावणेदोन, मग तीन, मग पावणेतीन. सव्वातीनच्या पुढचा एकही नाही. सात वर्षांत एकदाही नाही. म्हणजे ज्या दिवशी त्याचा नंबर सव्वातीन होईल, त्या दिवशी तो शिंकेल, घसरत तिच्या पहिल्या दिवशी पोचेल, कपाट कुठं गेलं म्हणून विचारेल, आणि तिथून जो जाईल तो कायमचा. मरेल, हरवेल, की कंटाळेल? ‘पुढं काय, ते कोण जाणे’ असं तो स्वतःच नाही का म्हणाला होता! हे ती आत्यालाही बोलली नाही. तीनचा शिंकोबा आला तेव्हा उरला होता फक्त एक पाव. तो पाच दिवस राहिला आणि ती पाच दिवस नुसती हसत राहिली. तो गेल्यावर तापच भरला तिला.

आणि मग आजची दुपार.

बाहेर बारीक रिमझिम होती. घंटा वाजली. काचांवर थेंब, खांद्याला हत्यारांची पिशवी, बाहीवर भुसा.

“डॉक्टरीणबाई, काहीच दिसत नाहीये. तुम्ही आहात ना तिथं?”

“पाऊस पुसा, मग दिसेन.” तिनं रुमालानं त्याचा चष्मा पुसला, तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिला हातानंच कळलं की हा चष्मा तीनचा आहे. तिनंच दिला होता. “बस खुर्चीत.”

“आधी बस म्हणतेस. बरा आहेस का, जेवलास का, काही नाही.”

“जेवलास का?”

“जेवलो.”

“मग बस.”

गोल चौकट चढली. पावणे, सव्वा करत ती तीनवर आली. शेवटची ओळ. “जरा पुसट आहे,” तो म्हणाला. तिनं पावाची काच वाढवली. “हां! आता कसं!”

सव्वातीन. तिनं पावाची काच काढून मुठीत धरली.

“आता पुन्हा पुसट झालं,” तो म्हणाला.

“काही पुसट नाही. आरसा पुसायचा राहिलाय.”

“आरसा मगाशी स्वच्छ होता.”

“तुझा नंबर तीन आहे. तीनच आहे. उठ.”

“लाल-हिरवं विचारलं नाहीस.”

“गरज नाही.”

“तू? आणि लाल-हिरवं सोडणार?” तो आरशातून तिच्याकडे रोखून बघायला लागला. “लाल ठळक दिसतंय, डॉक्टरीणबाई. बरंच ठळक.”

“लाल म्हणाला ना?” पडद्याबाहेरून आत्याचा आवाज आला. आत्याचे कान म्हणजे काय विचारता! “मग पाव खाल्लास तू, बबडे. कमी पडतोय त्याला.” आणि आत्या पडदा सारून आत आली, तिच्या मुठीतून काच काढून घेतली, चौकटीत बसवली. “आता?”

“दोन्ही सारखं.”

“झालं तर. सव्वातीन. एवढं सोपं तर आहे...” आत्या थांबली. “अगं? अगं, रडतेस काय? पाव नंबर वाढला म्हणून कुणी रडतं का?”

पण तिला आता आवरेना. सात वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तिनं पर्स उघडली, कोपरे दुमडलेलं ते कार्ड काढलं आणि त्याच्या मांडीवर टाकलं. “हे बघ. माझ्या पहिल्या दिवशी आला होतास, तेव्हा हाच नंबर होता तुझा. याच्या पुढचा तू मला कधी भेटलाच नाहीस. आज सव्वातीन झाला, म्हणजे आता तू तिथं जाणार आणि... आणि परत येणार नाहीस. मला माहीत आहे. मी सात वर्षं पाव पाव मोजतेय, मूर्खा!”

त्यानं चौकट काढून ठेवली, स्वतःचा चष्मा लावला. कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या.

“अगं, पण...” तो म्हणाला, आणि वाकून हत्यारांच्या पिशवीत हात घातला. पटाशी निघाली, गुण्या निघाला, आणि तळातून एक लहानशी लाकडी डबी. डबीत चष्मा होता. जुना, काचांवर ओरखडे पडलेला. त्यानं काडी उलटी करून तिच्यापुढे धरली. आतल्या बाजूला बारीक चांदणी.

“हा... हा तुझ्याकडे कसा? तो दिवस तर अजून तुझा व्हायचाय!”

“कधीच होऊन गेला. कपाट केलं ना, त्याच्या पुढच्याच खेपेला. मला वाटलं कपाट बघायला मिळेल, तर भिंत कोरी! तीन वर्षं झाली त्याला. माझी तीन वर्षं.”

“पण नंबर...”

“अडीच होता गं तेव्हा,” तो अगदी खाली मान घालून म्हणाला. “मोडका चष्मा सव्वादोनचा होता, आणि मला तेव्हा अडीचच्या पुढचं काही लागत नव्हतं. तू पाऊण जास्त दिलास. महिनाभर डोकं असं ठणकायचं, की भिंतीवर आपटावं वाटायचं.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलणार? तुझा पहिला चष्मा चुकला म्हणून सांगू? तू तो माझ्या हातात देत होतीस तेव्हा तुझं तोंड कसं फुललं होतं... तू बघितलं नाहीस, मी बघितलंय. माझ्यानं नसतं सांगवलं. शिवाय आपलं ठरलंच होतं, मागचं बोलायचं नाही. म्हटलं, बरंच झालं.”

आत्यानं कार्ड उचलून उजेडात धरलं. “हं! म्हणजे हे ते बारावं!” ती म्हणाली. “आठवतंय का गं, पहिल्या आठवड्यात तू सरसकट सगळ्यांना जास्त नंबर देऊन ठेवले होतेस? ‘आणखी बरं’ म्हणाला की चढव काच! तेव्हापासून तर लाल-हिरव्याचा घोशा लावला मी तुझ्यामागे. अकरा जणांना परत बोलावून चष्मे बदलून दिले. रजिस्टरात नोंद बाराची, आणि बारावं कार्ड काही सापडेना. म्हटलं उंदरानं खाल्लं. आणि हे तू पर्समध्ये घेऊन हिंडत होतीस!”

ती खुर्चीच्या हातावर मटकन बसली. अकरा कार्डं तिनं स्वतः खोडून दुरुस्त केली होती. बारावं प्रेमापोटी लपवलं, म्हणून तेवढं एकच चुकीचं राहिलं. आणि त्या चुकीवर तिनं सात वर्षं जीव टांगणीला लावला. ज्या निरोपाला ती घाबरत होती तो कधीच होऊन गेला होता. त्यानंतर तो आला होता, राहिला होता, हसला होता, तिच्या हातचे आणखी दोन चष्मे वापरून जुने केले होते. तिला हसावं की त्याला बडवावं, कळेना. तिनं आधी बडवलं. कार्डानंच, खांद्यावर, चार-पाच वेळा.

“मी बाहेर आहे,” आत्या म्हणाली. “पडदा ओढून घेते. कान मात्र ओढून घेता येत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.”

पडदा सरकला. पावसाचे थेंब पत्र्यावर वाजत होते.

“मग... सव्वातीनच्या पुढे काय असतं?” तिनं नाक पुसत विचारलं.

“परीक्षेत पहिली आली होतीस ना? साडेतीन असतं.”

“आणि त्याच्या पुढे?”

“पावणेचार. मग कधीतरी चाळिशी लागते. पेपर लांब धरून वाचतात ती.” तो आरशातून नाही, वळून सरळ तिच्याकडे बघत होता. “ती मला तुझ्या हातची लावून घ्यायचीय. ऐक. मी घसरत राहणार, ते काही माझ्या हातात नाही. पण दर खेपेला उतरलो की पाय आपोआप याच दुकानाकडे वळतात. कधीचाही असलो तरी. तेव्हा मी म्हणत होतो की... आक्... आक्छी!”

“बाहीवरचा भुसा!” ती ओरडली. “झटकून येता येत नाही का?”

“थांब, मला बोलू दे... आक्छी!”

दोन झाल्या. तिनं झेप घेऊन त्याचं नाक पकडलं, नेमक्या जागी, दोन बोटांत घट्ट. तो तसाच, डोळ्यांत पाणी, तोंड उघडं, पण माघार घेईल तर शपथ!

“बाझ्याशी,” तो म्हणाला, “लग्द करशील?”

तिला शब्द न् शब्द कळला. सात वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य, आणि ते असं! ती हसायला लागली. पोट धरून, वाकून, अश्रू गाळत हसायला लागली – आणि बोटं सुटली.

“आक्छी!”

खुर्ची रिकामी.

घंटा वाजली नव्हती. खुर्चीचा हात अजून गरम होता. आत्यानं घाबरून पडद्यातून डोकं आत घातलं. “गेला?”

“गेला.”

“उत्तर न ऐकताच?”

“न ऐकताच.” ती डोळे पुसत उठली, आणि आत्या बघतच राहिली, कारण पोरगी रडत नव्हती. तिनं कपाटातून नवं कार्ड घेतलं. नंबर लिहिला, सव्वातीन. खाली ‘पुढची तपासणी’ असा एक रकाना असतो. शिंकोबाच्या कार्डावर तो तिनं आजवर रिकामा ठेवला होता. आज तिनं तिथं ठसठशीत लिहिलं, ‘एक वर्षानं’. मग त्याच्या आवडीची काळी चौकट काढली, काडीच्या आत चांदणी कोरली आणि काचा घासायला बसली. तो मागच्या वर्षात गेला असेल नाहीतर पुढच्या, आला की चष्मा तयार हवा.

एक काच बसली. दुसरी तिच्या हातात होती, कडा अजून ओल्या, तेवढ्यात घंटा वाजली.

“आत्या, चहा ठेवतेस का गं?”

आत्याची भुवई वर गेली. आजवर तो तिला ‘अहो बाई’ म्हणत आला होता. आज एकदम आत्या, आणि वर गं!

दारात तो होता. खांद्याला तीच पिशवी. पोट किंचित सुटलेलं, म्हणजे कुणीतरी नीट खायला घालत असणार. आणि नाकावर काळी चौकट. तिनं समोरच्या चौकटीकडे बघितलं, एकच काच बसलेल्या. मग त्याच्याकडे. तीच चौकट. त्याच्या काडीचा रंग कानापाशी जरा उडाला होता.

“नंबर बघायला आलोय,” तो म्हणाला. “कार्डावर तूच लिहिलंस ना, एक वर्षानं? माझं वर्ष झालं.”

तिनं खुर्ची दाखवली. काम अगदी चोख केलं. तीन... सव्वातीन... तिथं ती क्षणभर थांबली. “कसं दिसतंय?”

“शेवटची ओळ पुसट.”

“नीट बघ.”

“नीटच बघतोय. पुसट आहे.”

तिनं आणखी एक पाव चढवला. लाल-हिरवं लावलं. श्वास रोखून विचारलं, “आता?”

“दोन्ही सारखं.”

साडेतीन. कार्डावर लिहिताना शाई पसरली, कारण टपकन एक थेंब पडला होता. तिच्या आयुष्यात एवढा देखणा आकडा तिनं कधी लिहिला नव्हता. खालचा रकाना तिनं न विचारताच भरला, ‘एक वर्षानं’.

“मगाशी काहीतरी विचारलं होतंस तू,” ती आरशाकडे बघत म्हणाली.

“तुझं मगाशी. माझं वर्ष झालं त्याला.”

“उत्तर मिळालं का तुला?”

“मिळालं.”

“काय मिळालं?”

“वा! पुढचं बोलायचं नाही, असं ठरलंय ना आपलं?” तो गालात हसत होता. “कधी, कुठं, काही सांगणार नाही मी.”

“म्हणजे मला ते दोनदा म्हणावं लागणार. एकदा आत्ता, आणि एकदा मगाशी गेलेला सापडेल तेव्हा.”

“का? जड आहे का?”

“बघू या जमतंय का.”

तिनं आरशात त्याच्या डोळ्यांत बघितलं. मग दोन बोटांनी स्वतःचं नाक गच्च दाबलं.

“करीद,” ती म्हणाली.

पडद्याबाहेर आत्याला चहाचा ठसका लागला.